ठप्पा

घडियाळी पोळमध्ये, दुसऱ्या मजल्यावर
मी उलट्या गाड्या कोरतो.
कनुभाई चोकसींची ऑर्डर: बारा गाड्या, बारा नाणी,
वीस ग्रॅमचं एकेक, चांदी नऊशे नव्याण्णव,
दिवाळीच्या आत.
पाचवी ब्यूक, शितोळे सरदारांची, छत्तीस सालची.
फोटो एकच,
त्यातही अर्ध्या बॉनेटवर कुणाची तरी सावली.

म्हणून दांडिया बाजारातून इंगवले आले.
चौतीस वर्षं ती गाडी त्यांच्या हातात होती.
जिन्यात दोनदा थांबले.
भिंग डोळ्याला लावून पोलादात डोकावले
आणि म्हणाले,
"मला डावीकडे का बसवलंत?"

ठप्प्यात सगळं उलटंच असतं, मी म्हटलं,
नंबर उलटा, सालही उलटं.
चांदीवर उतरलं की तुम्ही आपल्या जागी.
पटलेलं दिसलं नाही.
"बरं, पोचा कुठाय?"

पुढच्या मडगार्डला, दिव्याच्या खाली,
बोराएवढा.
मांडवीच्या दरवाज्यात एका बैलानं शिंग लावलं होतं.
सरदारांनी शिव्या दिल्या,
त्या काही बैलाला नव्हेत.
पगारातून सात रुपये कापले,
पोचा मात्र कधी काढून घेतला नाही.
"सात रुपयांत आपलाच झाला की तो,"
इंगवले म्हणाले.

कनुभाईंची सूचना कागदावर आहे:
गाडी शोरूममधून निघाल्यासारखी. एकदम चोख्खी.

आणि पोचा काही कोरता येत नाही.
तेवढ्या जागी हात आवरायचा,
केसाएवढं पोलाद तसंच सोडून द्यायचं,
मग न केलेलं काम चांदीत दिसतं.
मी आवरला.

पहिली छाप शिशावर घेतली, तपासायला.
इंगवल्यांनी ती तळहातावर ठेवली.
अंगठा मडगार्डावरून सरकत आला,
थांबला.
मग तोंडाची वाफ दिली
आणि सदऱ्याच्या बाहीनं पुसली,
बॉनेटकडून मागे, एकाच दिशेनं.
उलटसुलट पुसलं तर रंगाला ओरखडे येतात, म्हणाले.
शिशाला कुठला रंग,
पण मी बोललो नाही.

नाणी जातील हवाबंद डब्यांत,
बोट लागलं की त्यांचा भाव पडतो.
शिसं वितळवून पुन्हा वापरायचं असतं.

ते मूठ मिटूनच जिना उतरले.
मी वही काढली, तारीख घातली.
शिसे, पंचवीस ग्रॅम. घट.