बायी

बेळगावच्या प्रयोगशाळेत
ही पट्टी तीन वर्षं खरी ठरली.
लाळेचे दोनशे बारा नमुने,
चार अंशांवर गार, नाव नसलेले, आकडा असलेले,
आणि त्यांच्यावर वाकलेली
डॉ. विनुता हिरेमठांची मान.
कागदावर ती शंभरात त्र्याण्णव वेळा बरोबर होती.

मग ती माझ्याकडे आली, निपाणीला,
थर्माकोलच्या डब्यात, वितळलेल्या बर्फासकट.

इथं तंबाखूचा खकाणा
पिठात असतो, वाळत घातलेल्या लुगड्यात असतो,
तान्ह्याच्या टाळूवर सुद्धा.
हजार विड्या वळल्याशिवाय ज्यांचा दिवस मावळत नाही
त्या बाकावर ओळीनं बसल्या
आणि माझ्या पट्ट्या एकामागून एक
तपकिरी झाल्या.
रेघ उठली की डाग पडला
सांगता येईना.

पत्रकात लिहिलेलं:
चाचणीआधी अर्धा तास तोंड धुतलेलं, रिकामं.
अर्धा तास म्हणजे किती विड्या
हे पत्रकाला ठाऊक नव्हतं.
मदिना बागवानला होतं.
"चाळीस धरा," ती म्हणाली,
"पानं चांगली असली तर."

पत्रक कन्नडमध्ये. पहिलाच शब्द, बायी.
तिकडं बायी म्हणजे तोंड.
मी मोठ्यानं वाचला
तर बाकावरच्या सगळ्या जणींनी वर पाहिलं,
एकेकीला हाक मारल्यासारखं.
मग हसल्या. हसताना पदर तोंडावर.
मला बघायचं होतं ते नेमकं झाकलं गेलं.

रात्री फोन केला.
म्हटलं, मॅडम, पट्टी खोटं बोलत नाही,
पण इथं अडखळते.
पलीकडं बराच वेळ पंख्याचा आवाज.
मग त्यांनी विचारलं,
बायका चूळ कशाची भरतात?

तीन वर्षांत हा प्रश्न कुठल्याच तक्त्यात नव्हता.

शनिवारी त्या लाल बसनं आल्या,
अक्काताई मगदूमच्या शेजारी जमिनीवर बसल्या,
मांडीवर सूप घेतलं.
एक विडी वळायला तीन पानं फाडली.
"मॅडम, ही मजुरीतनं कापणार बगा," अक्काताई म्हणाली,
आणि त्यांनी खरंच वहीत लिहून घेतलं,
पानांचं, चुनखडीच्या भिंतीचं, कोमट पाण्याच्या तीन चुळांचं,
गाळून घ्यायच्या कागदाचं.
गणती पुन्हा एकापासून.
आता शंभरात सत्त्याऐंशी.
आकडा खाली आला
आणि मॅडम पहिल्यांदा नीट जेवल्या.

अक्काताईची रेघ पुसट आली.
मॅडमच्या निबंधात पुसट म्हणजे होकार.
माझ्या मराठीत पुसट म्हणजे
बोट फिरवलं तर जाईल असं काहीतरी.
"हाय का न्हाई, तेवढं सांग की गं."
आहे म्हणून तपासायचं, मी म्हटलं.
तुकडा काढून बघतील.
"कुठं?"

कोल्हापूर चाळीस किलोमीटर.
तिचं कार्ड मात्र बेळगावचं, आणि बेळगाव त्याच्या दुप्पट.
पट्टीवर दोन रेघा असतात,
एक आजाराची, एक पट्टी चालू असल्याची.
नकाशावरची तिसरी तिच्यावर उमटत नाही.
ती उमटते माणसं कुठल्या बसमध्ये चढतात त्याच्यावर.

चिठ्ठी लिहिली, वर कन्नड, खाली मराठी.
अवयवाच्या रकान्यात
बायी लिहून मी थांबले,
मग खाली तोंड लिहिलं.

सोमवारी पहाटे ती स्टँडवर उभी,
हातात रिकामी पिशवी,
हात तरीही वळतच होते, हवेतली विडी.
म्हणाली, ती पट्टी दे मला. माझी हाय न्हवं.
वापरलेली पट्टी पिवळ्या पिशवीत जाते,
नियम आहे, कालच गेली होती.
मी चिठ्ठीच्या पाठीवर
पेन्सिलीनं दोन रेघा काढून दिल्या,
एक ठळक,
एक जेवढी होती तेवढीच पुसट.