खोली चौदाचं पाणी

शारजात, रोलाच्या मागच्या गल्लीत
माझं फ्रेमचं दुकान होतं तेव्हा
मौझाबाई आली त्र्याऐंशीच्या ऑगस्टात,
काखेत एक अबाया, मिठानं कडक झालेली.
मोडक्या हिंदीत म्हणाली, हिला फ्रेम कर.
मी म्हटलं, चित्र कुठाय?
तिनं पांढऱ्या डागांवर बोट ठेवलं :
समुद्रात बुडवून गच्चीवर वाळत घातली.
उरलं ते चित्र.

मी देवरुखचा सुतार. माप घेतलं.

पुढं एकदा रोजकीर्दीची वही आणली,
खाडीवर उभं राहून महिनाभर मोजलेले
लाँचींचे भोंगे तारीखवार.
ती वही तिच्या भावानं जाळली.
मग ती राख घेऊन आली, बरणीतून.
राखेला कसली फ्रेम?
मी झाकण घट्ट करून दिलं
आणि त्याचे दोन दिरहम घेतले.

पंच्याण्णवला आमच्या बिल्डिंगीत शिरली
रिकाम्या बाटल्या घेऊन, दारोदार,
खिडकीतल्या एसीचं गळणारं पाणी मागत.
खोलीत आम्ही नऊ जण, बंकवर बंक.
नऊ जणांच्या उकाड्याचं पाणी
तिनं पेन्सिलीनं नाव घालून नेलं :
खोली चौदा, पांचाळ.
अशा त्रेसष्ट बाटल्या. पेशावर, तिरूर, सिल्हेट.
पेपरात मथळा आला : 'गळतीचं प्रदर्शन'.
तो कातरून माझ्यापुढं ठेवला.
ह्याला कर फ्रेम. सोनेरी.

बाटल्या माझ्याच गोदामात राहिल्या.
बुचं असूनही उन्हाळ्यामागून उन्हाळा आटत गेल्या.
मला बघवेना.
आमच्याकडं रिकामं भांडं पालथं तरी घालतात
नाहीतर भरतात.
एका रात्री मी एक बाटली नळाखाली धरली.
आमचीच फक्त.
अकरा वर्षं कुणाला बोललो नाही.

काल म्युझियममध्ये तिचं सगळं आयुष्य मांडत होते.
ती चाकाच्या खुर्चीत. मी स्क्रू घेऊन शिडीवर.
बासष्ट बाटल्या कोरड्या, तळाशी एकेक करडी रेघ,
आणि चौदा नंबर गळ्यापर्यंत भरलेली.
मांडणी करणारी पोरगी
एकदा बाटलीकडं बघे, एकदा यादीकडं.
मी शिडीवरूनच सांगून टाकलं.

मौझाबाई हसली, ठसका लागेपर्यंत.
मग पेन्सिल मागितली.
पांचाळ खोडलं नाही.
खाली कापऱ्या हातानं
अरबीत एक ओळ लिहिली.

चाळीस वर्षं राहूनही मला ती लिपी येत नाही.
आणि विचारलंही नाही.
माप तेवढं घेऊन ठेवलंय.