ओसोलसोब्ये

दारावरच्या पितळी पाटीवर एकच शब्द आहे,
पण तो शब्द नाही, वाक्य आहे.
कुणीतरी कुणालातरी एकदा सुनावलेलं:
मीठ तुझं तू घालून घे.

मी डोंगरापलीकडची, त्रेन्चीनची, स्लोव्हाक.
वोय्मीरशी लग्न करून मोराव्हियात आले
तेव्हा कचेरीतली बाई म्हणाली, ह्याला शेवटी 'ओवा' लागत नाही,
बाई असो, बुवा असो, हे आडनाव वाकत नाही.
आई फोनवर हसत सुटली,
"अगं, हे आडनाव की स्वयंपाकघरातलं भांडण?"

सासऱ्यांकडे गोष्ट होती.
कुणी मूळपुरुष, हाना नदीकाठचा खानावळवाला,
जमीनदाराच्या कारभाऱ्यानं सूप चाखून नाक मुरडलं,
ह्यानं पळी खाली न ठेवता उत्तर दिलं,
आणि कारभाऱ्यानं तेच उत्तर
कराच्या वहीत नावापुढे लिहून टाकलं.
आत्या मिलोस्लावा म्हणायची, साफ खोटं.
मीठ तेव्हा महाग.
एक विधवा अळणीच रांधायची,
पोरं कुरकुरली की म्हणायची, घ्या हवं तेवढं,
आणि मिठाचं मडकं पालथं.

चर्चच्या वहीत ह्यातलं काहीच नाही.
फिकी शाई, उंदरानं कुरतडलेला कोपरा,
बाप्तिस्मा झालेल्या एका पोराचं नाव.
पोराला कुणी विचारलं नसणार.
नाव ठेवणारा नेहमी दुसराच असतो.
गावानं आधी नावं ठेवली असतील,
त्यातलं एक उरलं.

सासूबाई, ब्लाझेना,
शाळेच्या भोजनगृहात एकतीस वर्षं वाढत होत्या.
रांगेतल्या प्रत्येक नव्या पोराला
हा विनोद आपल्यालाच सुचला असं वाटायचं.
त्या हसायच्या नाहीत, रागवायच्याही नाहीत.
बटाट्याचा एक गोळा जास्त वाढायच्या,
म्हणजे तोंड बंद.

शेवटी प्रोस्त्येयोवच्या इस्पितळात
त्यांचं मीठ तोडलं.
नर्सनं तक्त्यावरचं नाव वाचलं,
तिला हसू फुटलं, तिनं तोंडावर हात धरला.
"हसा हो," ब्लाझेना म्हणाल्या,
"ह्या घराण्यात पहिल्यांदाच कुणीतरी
नावाच्या आज्ञेबाहेर गेलंय."

मुलगी आता लिंत्समध्ये असते.
तिथल्या यंत्रात शेवटच्या अक्षरावरचा आकडा बसत नाही,
तिनं तो सोडून दिला.
अर्थ विचारला तर सांगते, काही नाही, गावाकडचं आहे.
मला राग येतो. मग आठवतं,
मी तर हे नाव लग्नात घेतलेलं,
माझं ह्यात काय आहे.

आज मसूरचं सूप केलंय.
वोय्मीर पहिला चमचा तोंडात धरून
खिडकीबाहेर बघतो. बोलत नाही.
मी मिठाची वाटी त्याच्याकडे सरकवते.
पावसाळी हवेनं मीठ दगड झालंय.
तो चमच्याच्या दांडीनं टोकरत बसतो,
सूप निवतं.