फॉल्ट कुठं आहे

खोली नंबर सतरा, परळ. दुपारचे पावणेदोन.
एसी सोळावर अडकलाय, तक्रार देऊन तीन आठवडे झाले,
म्हणून आधी गरम पाण्याची पिशवी देते हातात.
गार हात खोटं बोलतो.
नस रेंगाळते, आणि यंत्र ते रोग म्हणून लिहून घेतं.

रघुवीर कांदळगावकर. वय एक्कावन्न.
बेस्टच्या वीजखात्यात केबल जॉइंटर,
चिंचपोकळी ते शिवडी, जमिनीखालचं सगळं पाठ.
आठ महिने झाले, उजव्या अंगठ्यात पक्कड टिकत नाही.
कातडीखाली मांस फडफडतं,
जुनी ट्यूब पेटायच्या आधी करते तसं.
चिठ्ठीवर कुणीतरी तीन इंग्रजी अक्षरं लिहिलीत
आणि पुढं प्रश्नचिन्ह.
मुलीनं ती अक्षरं मोबाइलवर शोधलेली आहेत,
हे तिच्या बसण्यावरून कळतं.

मार्करनं मी हातावर फुल्या मारते.
मनगट. कोपर. काख.
"आम्ही खडूनं मारतो," ते म्हणतात, "रस्त्यावर. मग खणणारे येतात."
मनगटाला शॉक देते. अंगठा उडतो.
पडद्यावर लाट: आठ पूर्णांक चार.
चांगली भरीव.

सकाळी याच खाटेवर ब्रिटो बाई होत्या, वसईच्या,
शाळेत भूगोल शिकवायच्या.
तशीच चिठ्ठी, तीच अक्षरं, तसंच फडफडणं.
त्यांच्या लाटा मनगटापाशीच बुटक्या,
दोन्ही हातांत, एका पायातसुद्धा.
मग डॉक्टरांनी सुई घातली. दंडात, मांडीत, पाठीत, शेवटी जिभेत.
स्पीकरमधून प्रत्येक ठिकाणी तोच आवाज,
पत्र्यावर तांदूळ सांडल्याचा.
"सगळीकडे सारखंच वाजतं का हो?" बाईंनी विचारलं,
जीभ परत तोंडात घेतल्यावर, जरा बोबडं.
मी जेल पुसत राहिले.

आता कोपर.
लाट येते ती एक पूर्णांक नऊ.
इलेक्ट्रोड दाबून बघते. करंट वाढवते. पुन्हा.
एक पूर्णांक नऊ.
स्पर्शाच्या तारा तपासते. तीच नस, तोच रस्ता,
त्यांची वाहतूक बिनतक्रार चालू.
म्हणजे खालचं शाबूत आहे. वरचंही.
मधल्या वीतभर अंतरात, जिथं एरवी काही दाबतसुद्धा नाही,
तिथं निरोप अडतोय.

हे मी मोठ्यानं म्हणत नाही.
टेक्निशियननं बोलायचं नसतं.
बावीस वर्षांत एकदाच बोलले होते, आणि चुकले होते.

पण माणूस केबलवाला.
मान वाकडी करून दोन्ही लाटा नजरेनं मोजतो.
"इथून सोडलं तर पोचतंय. वरून सोडलं तर मध्येच खातंय."
जरा थांबून, स्वतःशीच:
"वायर जळालेली नाही. इन्शुलेशन गेलंय.
जळाली असती तर खालूनही मेलेली असती."

"बाबा, म्हणजे काय?"
ते माझ्याकडे बघतात.
मी घड्याळाकडे. "रिपोर्ट डॉक्टर देतील. साडेतीनला."
आणि पिशवीतलं पाणी बदलून आणते,
गरज नसताना.

यावर औषध आहे, हे मला ठाऊक आहे.
एका खेपेला किती महिन्यांचा पगार जातो तेही.
थेंब थेंब, पाच दिवस, मग काही आठवड्यांनी परत,
कदाचित जन्मभर. कागदपत्रं, रांगा, ट्रस्टच्या पायऱ्या.
तरीही त्या क्षणी मला पेढे वाटावेसे वाटतात,
एका नादुरुस्त नसेसाठी.

फुल्या पुसायला स्पिरिटचा बोळा पुढं करते.
ते हात मागं घेतात.
"राहू दे. खणायला आले तर सापडायला हवं."
मुलगी हसते, आणि हसल्याबद्दल दचकते.

ब्रिटो बाईंनी सकाळी सगळ्या पुसल्या होत्या,
एकेक करून, सावकाश,
दुसरा बोळा मागून घेऊन.