कारण : दीड ओळ

घटना-नोंदीच्या फॉर्मात
तारखेला आठ चौकोन, वेळेला चार,
ठिकाणाला अख्खी ओळ.
उजळाईवाडी, पार्किंग बे दोन, असं लिहूनही उरते.
'कारण' या रकान्याला मात्र दीडच.

सकाळी साडेसहाला हत्यारं मोजली. सत्तेचाळीस हवीत.
फळीवर प्रत्येकाची काळ्या रंगात सावली काढलेली असते,
पाना गेला की सावली मागं राहते.
दहा नंबरची सावली एकटी होती.

मी विमान थांबवलं.
म्हणजे काय, वॉकीटॉकीवर चार शब्द बोलले
आणि बासष्ट माणसं चिडली.
काचेपलीकडं तिरुपतीला निघालेले एक गृहस्थ
हात उडवून म्हणत होते, एका पान्यासाठी?
ऐकू येत नव्हतं. ओठांवरून कळलं.

सुहेल मुजावर, शिकाऊ, पाचवा महिना,
स्वतःहून पुढं आला.
चरकातून दोनदा काढलेल्या उसासारखा चेहरा.
"माझ्याकडनंच ऱ्हायला, मॅडम."
पाना होता पुढच्या चाकाच्या खोबणीत,
तेलाच्या नळीला निवांत टेकून.
उडाल्यावर चाक आत ओढलं गेलं असतं तर
हे वाक्य मी पूर्ण करत नाही.
प्रशिक्षणात करायला लावतात.

चाळीस मिनिटं उशिरा विमान गेलं,
गोकुळ शिरगावच्या धुराड्यांवरून वळलं,
ठिपका झालं.

आता कारण.
शिकाऊ कामगार पाना विसरला.
बरोब्बर बसतं. अर्धी ओळ शिल्लक राहते.

पण हातदिवा नऊ दिवस बंद होता.
दुसऱ्याच दिवशी मी स्टोअरला सांगितलेलं, तोंडी.
घोरपडे म्हणाले, बघू.
मी म्हणाले, चालतंय की.
तेव्हापासून सुहेल मोबाइल दातांत धरून
त्याच्या उजेडात बोल्ट आवळतो.
हे मी पाहिलंय. दोनदा.
आणि काल रात्रीच्या मोजणीच्या तक्त्यावर
सही माझी आहे,
मोजणी माझी नाही.

अण्णा उद्यमनगरात प्रेसवर होते.
पुढची जाळी काढून ठेवली
की तासाला चाळीस नग जास्त पडायचे.
जाळी भिंतीला टेकलेली असायची,
तिच्यावर हात पुसायची फडकी वाळत.
दोन बोटं गेली तेव्हा मालकानं दवाखाना केला,
टॉवेल-टोपी दिली,
सोमवारची सुट्टी झाली
आणि मंगळवारी त्याच स्टुलावर महादू बसला.
अण्णांची बोटं कुठल्याच वहीत नाहीत.
तीन वर्षांनी गेलेला महादूचा अंगठाही नाही.
अण्णा अजून बशीतला चहा डाव्या हातानं पितात
आणि विचारलं तर म्हणतात,
माझीच नजर हालली.

फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरांत:
नाव देणे ऐच्छिक. कळवणाऱ्यावर कारवाई होणार नाही.
हे खरं आहे का
ते इथं अजून कुणी तपासून पाहिलेलं नाही.

दीड ओळ कधीच संपली.
मी समासात लिहिते, मग पान उलटून
मागच्या कोऱ्या बाजूला:
दिवा, दात, बघू, चालतंय की, सही.
सुहेलचं नाव खोडून 'शिकाऊ कर्मचारी' केलं.
माझं पूर्ण लिहिलं, बापाच्या नावासकट.

तो दारात उभा. बूट न वाजवता.
"काढतील का मला?"
खरं तर मलाही तेच विचारायचं होतं कुणाला तरी.
मी एक चिठ्ठी फाडून त्याच्या हातात दिली.
हातदिवा, नग एक, तातडीचा.
घोरपड्यांना दे म्हटलं,
आणि पोच घेऊन ये.