वसंतातली भरती

पहिल्या वर्षाच्या पेपरात मी लिहिलं,
स्प्रिंग टाइड म्हणजे वसंत ऋतूत येणारी भरती.
चैत्रपालवीवरही एक वाक्य घातलं,
जागा भरायला.
सरांनी लाल शाईत नुसतं उद्गारचिन्ह काढलं.
पाच मार्कांचा प्रश्न.

उधाण म्हणून विचारायचं होतं ना सरळ!
पुनवेला, अवसेला पूर्णगडच्या बंदरात
पाणी कितव्या पायरीला लागतं,
किती वाजता होडी आपसूक तरंगते,
तिथी सांगा, तिची पाऊणपट करून
बोटांच्या पेरांवर वेळ काढून देते.
पण प्रश्नाच्या दारात एक शब्द उभा होता,
त्यानं मला आत सोडलं नाही.

हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर, कूलरशेजारी
श्रीखंडाचा रिकामा डबा, झाकणाला चीर पाडलेला.
मराठी शब्दाला एक रुपया दंड.
वही अकोल्याच्या शर्वाणीकडे.
महिनाअखेर तिनं वाचून दाखवलं,
सगळ्यात कमी दंड, हेमांगी डोर्लेकर, शून्य.
टाळ्या. मॅडमनी पेन दिलं बक्षीस.

मी महिनाभर बोललेच नव्हते.
मीठ हवं असलं तर उठून आणायचे.
ताप आला तेव्हा शर्वाणीचा हात धरून
कपाळावर ठेवला.
घरी फोन करायचा तो गच्चीवर, टाकीमागे,
तोही इतका हळू
की आई विचारायची, "काय गो, घसा बसला काय?"

तसं हे काही नवं नव्हतं.
तिसरीत बाईंनी माझं पानी खोडून पाणी केलं,
तेव्हापासून मी तोंड उघडण्याआधी
प्रत्येक वाक्य आत दोरीवर वाळत घालते
बोंबलासारखं.
सुकेपर्यंत वर्ग पुढं गेलेला असतो.

तिसऱ्या वर्षी नॉर्वेहून सोल्वेग आली.
तिला घेऊन आम्ही पहाटे मिरकरवाड्याला.
ती इंग्रजी बोलायची ते
शेवाळावरून चालल्यासारखं, पाऊल चाचपत.
एकदा चक्क "शी हॅव" म्हणाली
आणि तशीच पुढं गेली.
मी वर पाहिलं.
घारी फिरत होत्या नेहमीसारख्या.

तिनं विचारलं, मासळी कमी कधी मिळते?
गुलशनमावशी क्रेटवर बसल्या बसल्या म्हणाली,
"अष्टमीला पानी आंग चोरता."
सगळे माझ्याकडे बघायला लागले.

नीप टाइड. शब्द पाठ होता,
स्पेलिंगसकट, व्याख्येसकट.
पण तो उच्चारला असता
तर मावशीचं वाक्य तिथंच जेटीवर राहिलं असतं
पायाखाली.
मी म्हणाले,
"ऑन अष्टमी, द वॉटर... स्टील्स... इट्स बॉडी."

सर खोकले.
सोल्वेग थांबली. पुन्हा सांग म्हणाली.
मग मी खांदे आत ओढून दाखवले,
एसटीत परका माणूस शेजारी येऊन बसला
की आपण बसतो तसे.
मावशीनंही ओढले, हसत.
सोल्वेगनंही.
बांगड्यांच्या क्रेटमध्ये आम्ही तिघी बाया
अंग चोरून उभ्या, आणि वर बर्फाचं पाणी ठिबकतंय.

तिनं वहीत लिहून घेतलं.
मी वाकून पाहिलं. ते इंग्रजी नव्हतं.
एका ओवर तिरकी रेघ मारलेली,
मला वाटलं खोडलाय,
तर म्हणाली, नाही, आमच्याकडे तो असाच असतो.

रात्री डब्यात दहाची नोट टाकली.
शर्वाणी म्हणाली, "हाउ मेनी वर्ड्स?"
मी मोजायला गेले,
भांग, उधाण, आंग, चोरता,
आणि मग म्हटलं,
राहू दे गो.
उद्याचेपण धर त्यात.