खुलासा, छत्तीस वर्षांनी

आगुश्तीन रेबेलो कुडतरीचा नव्हे.
राहिला कुडतरीत, जन्मला मकाझनला, आजोळी.
माझी बातमी पहिल्या ओळीपासूनच चुकली होती.

तेव्हा मी चोवीसचा, मडगावचा वार्ताहर,
ओळीला पंचवीस पैसे.
साडेसहाच्या कदंबनं पाकीट गेलं नसतं
तर पणजीपुरता तो दुसऱ्या दिवशीही जिवंतच राहिला असता.
म्हणून बाजारात जो भेटला त्याला विचारलं.
तो बोलला, मी लिहिलं:
'खलाशी कवी.' 'दीडशे गाणी.'
'प्रेमभंगानंतर वास्कोच्या धक्क्यावरून
गिटार समुद्रात फेकली.'
'अंत्ययात्रेला अलोट गर्दी.'
अलोट हा शब्द छापखान्यात
खिळे जुळवून तयारच असायचा.

मग स्मरणिकेत तेच.
रेडिओच्या निवेदनात तेच.
एका प्रबंधात तर तळटीप देऊन तेच,
आणि तळटिपेत मी.

गेले सहा महिने
एकेक वाक्य परत मागत हिंडतोय.

बोटीवर होता, हे खरं. पण लाँड्रीत.
चार वर्षं गोऱ्यांच्या शर्टांना इस्त्री केली,
समुद्र पाहिला तो ताटलीएवढ्या काचेतून.

गाणी एकेचाळीस. वही दोनदा मोजली.
बेचाळिसावं वाटतं ती वाण्याची यादी आहे:
साखर, काडेपेटी, कांदे, पुन्हा साखर.
चालीत बसते,
म्हणून तिसऱ्यांदा मोजली.

गिटार शिरवईच्या दिवाकर च्यारीला विकली,
साडेचारशे रुपयांना. पावती आहे.
त्यातून घरावर मंगळुरी कौलं चढली.
दिवाकरचा नातू ती अजून वाजवतो,
वाईट वाजवतो,
पण समुद्राच्या तळाशी बसून नाही.

अंत्ययात्रेला तेवीस माणसं, पाद्री धरून.
बँड नव्हता.
त्या दिवशी रायला कणसांचं फेस्त,
आणि गावातला फुंकणारा, घासणारा, बडवणारा प्रत्येकजण
रायला वाजवायला गेलेला.
आगुश्तीन शांततेत गेला,
कारण त्याचे सगळे मित्र कामावर होते.
हे मला त्या संध्याकाळी कळलं असतं
तर बाकीचं सगळं फाडून टाकलं असतं.
बहुतेक.

राहिलं ते 'कदेल'.
लग्नालग्नांत ज्यावर माणसं नाचतात, ते.
प्रबंध म्हणतो, रिकामी खुर्ची म्हणजे
देश सोडून गेलेली पिढी.
मीही कधीतरी लिहिलं होतं, लिस्बनला गेलेली प्रेयसी.

एर्मेलीनबाय, त्याची बहीण, अठ्ठ्याऐंशीची.
बाल्कांवात बसली होती.
म्हणाली, 'कदेल म्हळ्यार कदेल.'
बोट दाखवलं.
वेताची, एक पाय वेगळ्या लाकडाचा.
कुणाची, मी विचारलं.
तिनं माझ्याकडे बघितलं,
चहा करायला आत गेली,
आणि चहा घेऊन आली ती
नळाच्या पाण्याबद्दल बोलत.

कोशाच्या मसुद्यात मी लिहिलं: माहीत नाही.
इतक्या वर्षांत हे दोन शब्द
एकदाही छापायला दिले नव्हते.
वाचनालयाचा पोरगा म्हणतो,
सर, ही जागा रिकामी दिसते हो.
दिसू दे.

जन्मतारखेचंही तसंच.
बातिज्माच्या वहीत महिना आहे,
दिवस वाळवीनं खाल्ला.
बहीण म्हणते, त्या दिवशी गाय व्याली.
गायीची नोंद कुठल्याच वहीत नाही.

निघताना तिनं प्रार्थनेचं पुस्तक उघडलं.
आत घडी घातलेलं माझं कात्रण,
पिवळं, घडीवर फाटत आलेलं.
मराठी तिला वाचता येत नाही,
शेजारच्या मास्तराकडून दर वर्षी वाचून घेतलं,
मास्तर मेला तोवर.
मी क्षमा मागायला तोंड उघडलं.
ती म्हणाली, 'गिटार दर्यांत उडयली, तें बरें आसलें.
फट. पूण बरें.'

लिहून घेतलं.
अवतरणचिन्हांत, तारखेसकट.